आईची चादर

चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर आईने शेवटपर्यंत घरात येऊ दिली नाही. ‘गादीला टोपडं घातल्यासारखं दिसतं,’ म्हणायची. तिच्या पलंगावर साधी पांढरी चादर असे, इस्पितळी पद्धतीने घातलेली. आधी पायाकडची बाजू गादीखाली खोचायची. मग कडेला लोंबणारी चादर कोपऱ्यापासून हातभर अंतरावर धरून वर उचलायची, म्हणजे गादीवर एक त्रिकोण तयार होतो. खाली उरलेलं टोक खोचायचं, त्रिकोण खाली सोडायचा आणि तोही आत. कोपऱ्यावर तिरकी, धारदार घडी पडते. माणूस रात्रभर तळमळला तरी ती सुटत नाही. घरी आम्हाला मात्र पाय आत घालायचे तर आधी युद्ध करावं लागे.

गंमत म्हणजे पलंग हा प्रकार तिच्या लहानपणात जवळजवळ नव्हताच. कराडजवळच्या तिच्या गावात सकाळी अंथरुणाची वळकटी करून घडवंचीवर टाकायची आणि घर मोकळं करायचं, अशी रीत. पलंग एकच, आजोबांचा, आणि त्यावरही बहुतेक वेळा ज्वारीची पोती झोपलेली. वडील इंग्लंडमध्ये, वुल्वरहॅम्प्टनला एका फाउंड्रीत लागले होते. 1969 साली आई त्यांच्याकडे गेली, मला आजीकडे ठेवून. (आजीने ठेवून घेतलं की आईने ठेवलं, याच्या घरात दोन आवृत्त्या आहेत. मी दोन्हींना मान डोलावते.) मी गेले पाचवी झाल्यावर.

वुल्वरहॅम्प्टन म्हणजे इनॉक पॉवेलचा मतदारसंघ. हा गृहस्थ 1960 ते 1963 ब्रिटनचा आरोग्यमंत्री होता. त्या काळातही तिथली सरकारी इस्पितळं बाहेरून आलेल्या डॉक्टर-नर्सांच्या जिवावरच चालत होती. आणि एप्रिल 1968 मध्ये बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण केलं, तेही यानेच. वर्षभराने तिथे पोचलेल्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. इस्पितळाला माणसं हवीत एवढंच तिच्या कानावर आलं, आणि मॅट्रिकच्या सर्टिफिकेटची घडी उलगडून ती चौकशीला गेली.

तेव्हा तिथे नर्स होण्याच्या दोन वाटा होत्या. तीन वर्षांची ‘स्टेट रजिस्टर्ड’ आणि दोन वर्षांची ‘स्टेट एनरोल्ड’. पहिल्या वाटेने गेलात तर पुढे वॉर्डची सिस्टर, म्हणजे वॉर्डची प्रमुख नर्स, होता येई. दुसरी वाट तिथेच संपे. वेस्ट इंडीज, मलेशिया, भारत अशा ठिकाणांहून आलेल्या कितीतरी मुलींना हा फरक नीट न सांगताच दुसऱ्या वाटेला लावून दिलं गेलं. आईला तर वाटलं, बरं झालं, एक वर्ष वाचलं! मग पुढची वीस वर्षं कंबरेला हिरवा पट्टा, रात्रपाळी आणि म्हाताऱ्यांचा वॉर्ड. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी निळा पट्टा लावून तिलाच कामं सांगू लागल्या.

वॉर्डमधले पलंग दोघींनी मिळून घालायचे, एक इकडून, एक तिकडून. आईच्या समोर बऱ्याचदा एक जमैकन बाई असे. चादर ओढता ओढता दोघींच्या सासवा, पगार, स्वस्त भाज्यांची दुकानं असं सगळं व्हायचं. आईचं इंग्रजी असं पलंगापलीकडून आलेलं. वैतागली की ती ‘चो!’ म्हणायची, थेट किंग्स्टनच्या ठसक्यात. पाहुणी म्हणून आलेल्या मावशीला तो कराडकडचाच काहीतरी प्रकार वाटला आणि परत जाताना ती तो घेऊन गेली.

शिस्त मात्र कडक. अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे नको, पलंगांची चाकं एका रेषेत. त्यातलं निम्मं सिस्टरच्या राउंडपुरतं, असं आईच सांगे. पण सुरकुतीबाबत ती कुणाचं ऐकत नसे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीखाली चादरीची एक वळी राहिली, बिस्किटाचा चुरा राहिला, की कातडी लाल होते, आणि तिथून शय्याव्रण किती दूर! म्हणून माणूस पलंगावर असतानाच चादर बदलायची कला. त्याला कुशीवर वळवायचं, मळकी चादर लांबीत गुंडाळत पाठीशी न्यायची, तिला लागून कोरी चादर अर्धी पसरायची, मग त्या उंचवट्यावरून त्याला अलगद अलीकडे घ्यायचं आणि पलीकडचीने दोन्ही ओढून घ्यायच्या. आजी शेवटच्या आजारात होती तेव्हा आईने कराडला हे एकटीने करून दाखवलं. बघायला शेजारच्या बायका जमल्या होत्या.

वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना आईच्या हातची चादर चालायची, सुई चालायची नाही. सुईला गोरे हात लागत. आई हे हसत सांगायची, पण दर वेळी सांगायची.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एनरोल्ड नर्स हा प्रकारच बंद करायचं ठरलं. असलेल्यांनी अभ्यासक्रम करून रजिस्टर्ड व्हावं, असं निघालं. पन्नाशीला टेकलेली आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसली. एका निबंधात स्वतःच्या अनुभवातून आलेलं ज्ञान लिहायचं होतं. तिने चादर, सुरकुती आणि पाठ यांवर पानंच्या पानं लिहिली. निबंध परत आला तो समासात लाल शाईचा शेरा घेऊन: संदर्भ कुठे आहेत? आठवडाभर घरात भांडी जोरात आपटली गेली. मग एके दिवशी ती वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली, त्यात तेच सगळं छापलेलं होतं. तिने निबंधातलं अक्षर बदललं नाही, शेवटी त्या पुस्तकाचं नाव टाकलं आणि पास झाली.

पुस्तक परत करायला मला पाठवलं. मुदत उलटून गेली होती. दंड मीच भरला.