चिंगीच्या पायाची मेंदी आणि घरभर पसरलेला तो वास

गेल्या वर्षी गौरी आणायच्या दिवशी माझी चुलत नणंद दारात चप्पल काढता काढताच म्हणाली, "वहिनी, घरात काही नासलंय का गं?" घर पाहुण्यांनी भरलेलं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत जाऊन आधी फ्रीज उघडला, खवलेल्या नारळाचा डबा हुंगला, मग ओट्याखालची कचऱ्याची बादली, मग मोरीची जाळी. सगळं ठीक होतं. बाहेर येऊन बघते तर आमची चिंगी सोफ्यावर मागचा पाय तोंडात धरून चाटत बसलेली आणि वास तिथूनच येत होता.

चिंगी म्हणजे आमची शित्झू जातीची कुत्री, सहा किलो वजन, तेव्हा दोन वर्षांची होती. आम्ही डोंबिवलीला राहतो, पावसाळ्यात कपडे घरातच दोरीवर आणि दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्यामुळे जुलैपासून जो एक कुबट वास येत होता तो मी बराचसा कपड्यांच्या नावावर ढकलत होते. घरातल्यांच्या नाकाला सवय होते हो, बाहेरचं माणूस आलं की कळतं. ओल्या गोणपाटात शिळं ताक सांडल्यावर येईल तसा काहीतरी आंबूस, ओशट वास. आंघोळ घातली की एक दिवस जायचा, तिसऱ्या दिवशी परत हजर.

आणि मेंदी. तिचे पाय पांढरे, पण बोटांच्या मधले केस हळूहळू तांबूस-तपकिरी होत गेले होते. आम्ही कौतुकाने म्हणायचो चिंगीने मेंदी काढली बघा, लेकीने तर फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला होता. ती मेंदी म्हणजे लाळेचा डाग होता. कुत्र्याच्या लाळेत एक रंगद्रव्य असतं, सतत चाटलं की पांढऱ्या केसांवर ते चढतं. म्हणजे पोरगी कित्येक महिने खाजेने हैराण होऊन पाय चाटत होती आणि आम्ही हसत होतो. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

आता डॉक्टरकडे जायच्या आधी आम्ही काय काय दिवे लावले ते सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या प्रत्येक कुत्रेवाल्या घरात थोड्याफार फरकाने हेच चालतं.

पहिलं म्हणजे आंघोळी. वास येतो ना मग धुवा, एक दिवसाआड, तेही लेकीच्या लहानपणीच्या बेबी शाम्पूने, सौम्य असतो म्हणून. त्याने कातडी कोरडी पडून कोंडा सुरू झाला. माणसाची कातडी जरा आम्लधर्मी असते, कुत्र्याची जवळपास न्यूट्रल, आणि वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ, त्यामुळे आपल्याला सौम्य ते त्यांना सौम्य असेलच असं नाही. शिवाय मी तिला टॉवेलने वरवर पुसून सोडून द्यायचे, पोटाखालचे आणि काखेतले केस तासन्‌तास ओलेच राहायचे.

मग सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला उकळला. त्याने निदान नुकसान काही झालं नाही. पण त्यानंतर त्यांनी खोबरेल तेलात कापूर घालून पोटाला चोळला, "आमच्या गावाला बैलाला लावायचे" म्हणून. आई, तो बैल होता, ही सहा किलोची आहे! कापूर कुत्र्याला विषारी असतो, कातडीतून पण शोषला जातो आणि ती तर चाटणारच. नशीब, मी तासाभरात धुवून काढलं. तेलाची गंमत नंतर कळली, ती पुढे सांगते.

मग मेडिकलमधून ती ट्यूब, आपल्याकडे नायट्याला, गजकर्णाला, मच्छर चावला तरी जी लावतात ती, स्टेरॉईड-अँटिबायोटिक-अँटिफंगल सगळं एकात. दोन दिवस लाली कमी झाली म्हणून मी खूश. तिने ते सगळं चाटून खाल्लं असणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे दोन मिनिटांत इंजेक्शन देऊन पाठवलं. दुसऱ्या दिवशी खाज गायब! जादूच. फक्त चिंगी बादलीभर पाणी प्यायला लागली आणि घरभर शू. अधाशासारखी खायला पण लागली. ते स्टेरॉईड होतं, तसं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तीन आठवड्यांनी सगळं पहिल्यासारखं झालं, आणि मग तो गौरीचा दिवस आला.

गणपती झाल्यावर मैत्रिणीने सांगितलेल्या दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी चिंगीला हात लावायच्या आधी मला विचारलं, "ताई, घरात कोणाला खाज सुटते का? अंगावर कुठे गोल चट्टा?" कारण लूत, म्हणजे एका जातीच्या किड्यांनी होणारी खरूज, आणि गजकर्ण हे दोन्ही कुत्र्याकडून माणसाला होऊ शकतं. कोणालाच नव्हतं. पण हे घरी सांगितल्यावर सासूबाई रात्रभर दंड खाजवत बसल्या, तो भाग वेगळा.

मग बारीक दातांची फणी फिरवली, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवले. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त, नाहीतर नुसती माती. आमची माती निघाली. (हे घरी करून बघता येतं, फुकटात.) ब्लेडने कातडी हलकेच खरवडून किडे बघितले, नव्हते. मग काचेची पट्टी बोटांच्या बेचक्यात दाबून, निळ्या रंगात बुडवून मायक्रोस्कोपखाली धरली आणि मला म्हणाल्या या बघा. बारीक बारीक निळ्या-जांभळ्या भुईमुगाच्या शेंगा, ढिगाने! मधे चिमटा काढल्यासारख्या, अगदी दोन दाण्याची शेंग असते तशा.

ती यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी. नाव मॅलेसेझिया. निरोगी कुत्र्याच्या अंगावर पण ती थोडीफार असतेच, कुठून 'लागलेली' नसते. ओलावा आणि तेलकटपणा मिळाला की ती माजते आणि मग तो आंबूस वास. म्हणून तेल चोळणं म्हणजे तिला पंगतीला बसवणं. कानात पण तीच होती, तपकिरी मळ आणि तोच वास, आणि मी इतके दिवस इअरबडने तो मळ आत ढकलत होते. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, त्यामुळे बडने मळ निघत नाही, ठासला जातो.

पण मॅडम म्हणाल्या यीस्ट ही दुसरी गोष्ट आहे, पहिली शोधायची आहे. मूळ आहे ॲलर्जी. ॲलर्जीने खाज, खाजेने चाटणं, चाटण्याने ओल, ओलीने यीस्ट, आणि यीस्टने अजून खाज. शित्झू, ल्हासा, पग, वेस्टी ह्या मंडळींमध्ये हे बरंच दिसतं. त्यात ठेंगणी कुत्री असली की पोट जमिनीला टेकायला आलेलं, लॅब्रॉडोर डबकं ओलांडून जातो तिथे आमची चिंगी डबक्यातून पोट भिजवून येते. हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं, मी आपली फक्त पाय पुसायचे.

उपचार म्हणून शाम्पू दिला, क्लोरहेक्झिडिन आणि मायकोनाझोलवाला, म्हणजे जंतू आणि बुरशी मारणारा, आठवड्यातून दोनदा. आणि खरी मेख पुढे आहे, फेस करून दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. दहा मिनिटं! घड्याळ लावून बघा किती मोठी असतात. पहिल्या वेळी मी तीन मिनिटांत हार मानली. मग लेकीने युक्ती काढली, बाथरूमच्या टाईल्सवर तिच्या तोंडाच्या उंचीला साधं घट्ट दही फासायचं, ती चाटत बसते आणि तेवढ्यात मी बोटांच्या बेचक्या, काखा, शेपटीखाली, हनुवटीखालची वळी सगळं करून घेते. मग टॉवेल, आणि मग ड्रायर गार हवेवर, केस मुळापर्यंत कोरडे होईपर्यंत. अंगावरचे केस पण बारीक करून घेतले. फोटोत लांब केसांची बाहुली छान दिसते, पण डोंबिवलीच्या दमटपणात तो निव्वळ अत्याचार आहे असं माझं मत झालंय, कोणाला राग आला तर येऊ दे.

दुसऱ्या आठवड्यात वास निम्मा, महिन्याने जवळजवळ गेला. खाज मात्र होतीच, म्हणून ॲलर्जी खाण्याची आहे का ते बघायची टेस्ट. आठ आठवडे फक्त डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, आधी कधीच न खाल्लेल्या प्रोटीनचं खाणं, बाकी काही म्हणजे काही नाही. दही पण बंद, भिंतीला तेच खाणं भिजवून फासायचो. तिसऱ्या आठवड्यात सोफ्याच्या फटीत ग्लुकोज बिस्किटाचा चुरा सापडला. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं एकच दिलं, ते पण अर्धं, माझ्याकडे बघत बसते बिचारी." रोज संध्याकाळी चहाबरोबर अर्धं. झालं, परत पहिल्या दिवसापासून. यावरून घरात जे रामायण झालं ते लिहीत नाही. दुसऱ्यांदा आठ आठवडे नीट पाळले आणि निकाल काय, तर शून्य फरक. खाण्याचा संबंधच नव्हता. सासूबाईंनी ते मला आजवर चार वेळा ऐकवलंय.

म्हणजे राहिली हवेतली, धुळीतली ॲलर्जी, धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी, परागकण असलं काहीतरी. ही बरी होत नाही, आटोक्यात ठेवायची असते. जास्त वाढली की खाज थांबवणारी ऑक्लासिटिनिबची गोळी चालू करतो, ती वजनावर ठरते आणि एक वर्षाच्या आतल्या पिल्लांना देत नाहीत, तेव्हा प्लीज कोणाचं बघून देऊ नका. महाग आहे, पण स्टेरॉईडसारखं बादलीभर पाणी आणि शू नाही. दर महिना-दीड महिन्याला घ्यायचं एक इंजेक्शन पण असतं, त्याचा विचार चाललाय.

मधे एकदा वेगळाच वास आला होता, एकदम सुक्या बोंबलाचा, आणि बाई फरशीवर ढुंगण घासत चालली होती. मी परत यीस्ट म्हणून घाबरले. ते गुदद्वाराच्या दोन बाजूंच्या ग्रंथी भरल्यामुळे होतं. मॅडमनी दोन मिनिटांत रिकाम्या केल्या आणि अख्ख्या दवाखान्याच्या खिडक्या उघडाव्या लागल्या. घरी शिकून घ्या म्हणाल्या, मी हात जोडले.

बरेच जण टी ट्री ऑइल सुचवतात, नैसर्गिक आहे म्हणून. ते कुत्र्याला विषारी, लहान कुत्र्याला तर थोडे थेंबही घातक. ॲपल सायडर व्हिनेगर पण सोललेल्या लाल कातडीवर लावून बघा म्हणणाऱ्याच्या जखमेवर आधी लावून बघावं. आणि डॉग परफ्यूम मारून वास लपवू नका, मी मारला होता, गुलाब अधिक आंबलेलं ताक असा काहीतरी वास झाला होता, विचारू नका.

सध्या फिरून आलं की पाय आणि पोट दोन्ही पुसून कोरडं करायचं, तिची गादी आठवड्याला गरम पाण्यात, आणि बुधवार-रविवार आंघोळ आता फक्त रविवारवर आलीये. मेंदी उतरतेय, नवीन केस मुळाशी पांढरे येतायत. डावा कान मात्र अजून नाटक करतोय, परवापासून डोकं झटकतेय आणि मळ परत तपकिरी. शनिवारी अपॉइंटमेंट घेतलीये, सासूबाई म्हणतायत तोवर कोमट तेलाचे दोन थेंब घालू का.