हेसेनमधली यादी आणि तासगावचा सातबारा

तासगावला फोन केला की चुलते आधी इकडच्या थंडीची चौकशी करतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात, "तिकडं शेतकऱ्याला सरकार काय देतंय का?" जर्मनीत आल्यावर या प्रश्नाचे उत्तर मला आकड्यानिशी देता येऊ लागले, कारण युरोपीय संघाच्या अर्थसंकल्पातील सुमारे एक तृतीयांश पैसा शेतीकडे जातो आणि तो कोणाच्या खात्यात गेला याची यादी सरकारच दरवर्षी 31 मेपर्यंत संकेतस्थळावर टाकते.

आम्ही हेसेन राज्यातल्या एका खेड्यात राहतो. ज्या गोठ्यावरून दूध आणतो त्याच्या मालकाचे नाव मी एकदा कुतूहलापोटी त्या यादीत शोधले. नाव, पिनकोड, गाव आणि खाली रकमांची फोड होती. क्षेत्रावर मिळणारे अनुदान वेगळे, अवघड जमिनीसाठीची भरपाई वेगळी. बेरीज चुलत्यांना सांगितली तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "तू बघितलंस ते त्याला ठाऊक हाय का?"

प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा होता. याच हेसेनमधला एक शेतकरी आणि एक भागीदारीतली शेती यांनी हीच तक्रार न्यायालयात नेली होती. 9 नोव्हेंबर 2010 रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की रक्कम किती, कशासाठी आणि किती काळ मिळाली याचा विचार न करता प्रत्येक व्यक्तीचे नाव सरसकट प्रसिद्ध करणे अवाजवी आहे. कंपन्यांची नावे मात्र प्रसिद्ध करता येतील. त्यानंतर 2013 मध्ये नियम बदलले. आता रकमेसोबत ती कशासाठी दिली हे द्यावे लागते, माहिती दोनच वर्षे ठेवली जाते आणि 1250 युरो किंवा त्याहून कमी मिळालेल्या शेतकऱ्याच्या नावाऐवजी केवळ सांकेतिक क्रमांक दिसतो.

इथल्या शेतकऱ्याला ही यादी एवढी का टोचते, हे मला उशिरा कळले. अनुदान मुख्यतः हेक्टरवर ठरते, त्यामुळे रक्कम कळली की कसलेल्या क्षेत्राचा अंदाज बांधता येतो; आणि जर्मनीत दुसऱ्याच्या जमिनीची नोंदवही पाहायची तर त्यामागचे रास्त कारण दाखवावे लागते. आपल्याकडे गट नंबर ठाऊक असला की कोणाचाही सातबारा मोबाईलवर उघडतो आणि इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजासुद्धा दिसतो. 2017 च्या कर्जमाफीत तर आमच्या गावात चावडीवाचन होऊन नावे मोठ्याने वाचली गेली होती, त्यात चुलत्यांचेही होते. तरीही "त्याला ठाऊक हाय का" हे विचारायचे त्यांनाच सुचले.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागता प्रसिद्ध करणे हे आपल्याकडेही प्रत्येक कार्यालयाचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात पीएम-किसानची गावनिहाय यादी एकीकडे, ठिबकचे अनुदान दुसरीकडे आणि पीकविमा तिसरीकडे, अशी स्थिती असते. त्यातही पीएम-किसानमध्ये सर्वांना वर्षाला सारखेच 6000 रुपये मिळत असल्यामुळे ती यादी फक्त कोण आत आणि कोण बाहेर एवढेच सांगते.

शेवटी मी त्या गोठेवाल्याला सांगून टाकले. तो रागावला नाही. बरणी पुसत म्हणाला, की यादीत मला आलेले पैसे दिसतात, मी जमीनमालकाला दिलेला खंड दिसत नाही. त्याची बरीचशी जमीन खंडाची आहे आणि जर्मनीत एकूण शेतजमिनीपैकी निम्म्याहून अधिक जमीन अशीच दुसऱ्याच्या मालकीची असते. तरी अनुदान कसणाऱ्याच्या नावावर येते.

हे ऐकताच चुलत्यांचा आवाज चढला. त्यांच्या बागेला लागून भावकीतल्या एकाचा दीड एकराचा तुकडा आहे. मालक पुण्याला असतो आणि गेली नऊ वर्षे तो तुकडा चुलतेच खंडाने कसतात. "हप्ता त्याला येतोय," ते म्हणाले, "सातबाऱ्यावर नाव त्याचं हाय न्हवं. यादीत बघ, सापडंल तुला."