"कधी कधी" म्हणजे नेमकं किती वेळा?

मागच्या महिन्यात मुलीच्या खाण्याच्या सवयींबद्दलचा एक फॉर्म भरायला मिळाला. मूल नवीन पदार्थ आधी नाकारतं का, सावकाश खातं का, चिडलं की जास्त खातं का वगैरे, आणि पुढे पाच पर्याय, कधीच नाही पासून नेहमी पर्यंत. मी दहा मिनिटांत भरला. रात्री नवऱ्याला कोरी प्रत दिली, माझी उत्तरं न दाखवता, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं तर खाण्याच्या वेगाबद्दल आमचं जवळपास एकमत होतं पण "नाराज असली की कमी खाते" याला मी "बऱ्याचदा" लिहिलेलं आणि त्याने "क्वचित". मूल तेच, घर तेच. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जाईना, म्हणून बरंच वाचलं.

या विषयातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली जेन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये तयार केली, 2001 साली. चिल्ड्रन्स ईटिंग बिहेविअर क्वेश्चनेअर. 35 प्रश्न, आठ गट: खाणं दिसलं की खावंसं वाटणं, खाण्याची आवड, पोट भरल्याची जाणीव, खाण्याचा वेग, नखरे, सतत काहीतरी प्यायला मागणं, आणि भावनेच्या भरात जास्त खाणं किंवा कमी खाणं हे दोन वेगळे गट. म्हणजे एका गटाच्या वाट्याला फक्त तीन ते सहा प्रश्न येतात, एका ठिकाणी चुकून भलतीच खूण केली तरी त्या गटाचा आकडा हलतो.

आता विश्वासार्हता. बहुतेक ठिकाणी क्रॉनबॅक अल्फा नावाचा एक आकडा दिलेला असतो, साधारण 0.7 च्या वर गेला की प्रश्नावली चांगली म्हणतात. पण अल्फा फक्त एवढंच सांगतो की एका गटातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात. एकच प्रश्न शब्द फिरवून चार वेळा विचारला तरी अल्फा मस्त वर जातो! मी मुलीबद्दल मनात एक मत धरून बसले असेन तर त्या मताला धरून सगळी उत्तरं देईन, ती एकमेकांशी छान जुळतील, आणि मूल प्रत्यक्षात कसं खातं ते बाजूलाच राहील. त्यामुळे नुसता अल्फा देऊन थांबणाऱ्या लेखांवर माझा फारसा भरवसा उरलेला नाही.

दुसरी तपासणी म्हणजे त्याच पालकाकडून काही दिवसांनी पुन्हा फॉर्म भरून घेणं. हे मला जास्त पटतं, पण यातही गोची आहे, दोन दिवसांनी दिला तर आधीची उत्तरं आठवतात आणि सहा महिन्यांनी दिला तर मूलच बदललेलं असतं, दात येतात, आजारपण येतं, शाळा सुरू होते, मग उत्तर बदललं ते प्रश्नावली कच्ची म्हणून की मूल वाढलं म्हणून हे कसं कळणार? वॉर्डल यांच्या टीमने दोन आठवड्यांचं अंतर ठेवलं होतं, ते बरोबर वाटतं.

तिसरी म्हणजे दोन माणसांकडून भरून घेणं, जे आमच्या घरी झालं. नंतर आम्ही दोघं बोललो तेव्हा लक्षात आलं की दुपारचं जेवण मी बघते, रात्रीचं तो. ती शाळेतून दमून, रडवेली होऊन येते ती माझ्यासमोर. त्याला दिसते ती खेळून आलेली, भुकेली मुलगी. दोघांपैकी कुणीच खोटं लिहिलं नव्हतं. बाहेरची जेवणं तर आम्हा दोघांनाही दिसत नाहीत.

आणि विश्वासार्ह असलं म्हणजे बरोबर असतंच असं नाही, वजनकाटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल तर तो अगदी सातत्याने चुकतोय. म्हणून उत्तरं प्रत्यक्ष खाण्याशी ताडून बघावी लागतात. हे काम सुसान कार्नेल आणि वॉर्डल यांनी केलं, 2007 मध्ये ते छापून आलं. चार-पाच वर्षांच्या मुलांना खाऊ घालून बघितलं, किती वेगाने खातात, पोट भरलेलं असताना समोर खाऊ ठेवला तर किती खातात, आणि ते आईबाबांच्या उत्तरांशी ताडून पाहिलं. भुकेबद्दलच्या गटांचा प्रत्यक्ष खाण्याशी संबंध दिसला. हे वाचून मला खरंच बरं वाटलं, कारण एवढ्या लहान मुलांना स्वतःच्या सवयींबद्दल विचारून नीट उत्तर मिळत नाही, आईबाबांना विचारण्यावाचून फार पर्यायच नसतो.

मला राग येतो तो एका फॉर्मवरून मुलाला "नखरेल" ठरवून मोकळं होण्याचा. अशा प्रश्नावल्या मुळात शेकडो मुलांचा अभ्यास करायला बनवलेल्या आहेत, तिथे एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीत थोडीफार विरून जाते, एका मुलाच्या बाबतीत तशी सोय नाही. फॉर्म भरून घेणाऱ्यांनी निदान दोघांकडून भरून घ्यावा, कोण कुठलं जेवण बघतं ते विचारावं, आणि "मागच्या दोन आठवड्यांत" अशी मुदत घालून द्यावी, कारण "कधी कधी" हे माझ्यासाठी आठवड्यातून दोनदा होतं आणि नवऱ्यासाठी महिन्यातून एकदा. हे आम्ही एकमेकांना विचारलं म्हणून कळलं, फॉर्ममध्ये ते कुठेच दिसत नव्हतं.

पुढच्या वेळी आधी दोन आठवडे वहीत रोजचं लिहून ठेवणार आहे, मगच खुणा करणार.