वांग्याचा पूर्वज शोधताना

एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या सत्रात आमच्या गटानं प्रकल्पाला वांगं घेतलं. सोलापूरच्या माळावर भुईरिंगणी कुठंही दिसते: काटेरी पानं, जांभळं फूल, पिवळी बारकी फळं. वांग्याचा मूळपुरुष हाच, असं माझे आजोबा ठामपणे सांगायचे. डीएनए काय सांगतो ते बघायचं ठरलं.

रिंगणी हिप्परगा तलावाच्या बाजूला मिळाली, काटेरी वांग्याची कोवळी पानं एका शेतकऱ्यानं दिली आणि त्यांच्याच बांधावर रानवांगं, म्हणजे सोलॅनम इन्सानम, सापडलं. तुलनेला टोमॅटो घेतला.

सगळ्यात जास्त वेळ गेला डीएनए काढण्यात. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, पानाचंही तेच. पान कुटलं की त्यातली फिनॉलवर्गीय द्रव्यं हवा लागून तपकिरी होतात, डीएनएला चिकटतात आणि मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं, होतच नाही. म्हणून पेशी फोडणाऱ्या सीटॅब बफरमध्ये फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घालायचं, नळ्या ६५ अंशांवर ठेवायच्या, मग प्रथिनं वेगळी करायला क्लोरोफॉर्म. शेवटी थंड आयसोप्रोपॅनॉल ओतून नळी हलक्या हातानं उलटीसुलटी केली आणि पांढरे तंतू तरंगायला लागले. अंगावर शहारा आला!

पीसीआरनं आयटीएस हा प्रजातींमधला फरक दाखवणारा, डीएनएचा जेमतेम ७०० अक्षरांचा तुकडा वाढवला, सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचायला, बाहेर पाठवला. आलेल्या आलेखात प्रत्येक अक्षराचं एक शिखर असतं, पण दोन्ही टोकांची शिखरं एकमेकांत मिसळलेली असतात. तेवढा भाग छाटायचा, मग ब्लास्ट, म्हणजे जगभरच्या साठवलेल्या क्रमांशी तुलना, मग मेगा या सॉफ्टवेअरमध्ये वंशवृक्ष.

टोमॅटो अपेक्षेप्रमाणे लांब राहिला. वांगं आणि रानवांगं एकाच फांदीवर आले, रिंगणी वेगळ्या फांदीवर. म्हणजे ती चुलत घराण्यातली, पूर्वज नव्हे. जगभरचे अभ्यासकही रानवांग्यालाच वांग्याचा पूर्वज मानतात आणि त्याचे बाकीचे जवळचे भाईबंद बहुतेक आफ्रिकेत आहेत. बांधावरच्या त्या झुडपाकडं मी आता वेगळ्याच आदरानं बघते.

पण आयटीएसवरून वांग्याच्या गावरान जाती वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्यांच्यात तेवढा फरकच नसतो. त्यासाठी गुणसूत्रांच्या १२ही जोड्यांवरच्या हजारो खुणा तपासाव्या लागतात. ‘डीएनए केला म्हणजे सगळं कळलं’ असं कुणी म्हणालं की मी हे आवर्जून सांगते.

हा प्रकल्प घेणार असाल तर पानांसोबत फुलाफळासकट फांदी दाबून, वाळवून, जागा आणि तारीख लिहून हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, जमा करा. पुढं कुणाला शंका आली तर झाड कोणतं होतं ते त्या फांदीवरूनच तपासता येतं.