नाजूक कातडीची कुत्री: पावसाळ्यातली नोंद

मागच्या वेळी ब्रश आणि कात्र्यांवर लिहिलं होतं. पावसाळा लागल्यापासून मात्र सगळा वेळ कातडीतच जातोय. बेळगावात पाऊस एकदा बसला की बसला. अनगोळ-वडगावात तांबडी माती कुत्र्यांच्या पायाला चिकटते ती गणपती येऊन गेले तरी सुटत नाही. खानापूर-जांबोटीकडच्या मंडळींचं तर विचारूच नका. अथणी-रायबागकडं पाऊस कमी, तिकडच्यांना यातलं निम्मं लागू होणार नाही, त्यांनी खालचा पिसवांचा भाग तेवढा वाचावा.

सध्या हाताखाली तिघं आहेत. आमची कारवानी, म्हणजे मुधोळ जातीची, चिमी, टिळकवाडीतला एक लॅब्रॅडॉर आणि शहापूरच्या काकूंची पॉम, म्हणजे पोमेरेनियन. (आपल्याकडे पॉम म्हणून जी फिरतात त्यातली बहुतेक स्पिट्झ असतात, पण काकूंना हे सांगायची माझी छाती नाही.)

यंदा एक गोष्ट पक्की झाली. खाजऱ्या कातडीला शॅम्पू कुठला लावला यापेक्षा तो अंगावर किती वेळ राहिला, पुरता धुऊन निघाला का, आणि कुत्रं केसांच्या मुळापर्यंत वाळलं का, यावर जास्त अवलंबून असतं. बाटलीवर पैसे घालणारे खूप भेटतात, टॉवेलवर घालणारे कमी.

आपला शॅम्पू कुत्र्याला का चालत नाही, हे नव्यांसाठी थोडक्यात. माणसाच्या कातडीचा पीएच साधारण 5.5, म्हणजे आम्लाकडे झुकलेला. कुत्र्याचा 7 च्या आसपास. शिवाय तिचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ. लहान मुलांचा शॅम्पूसुद्धा शेवटी माणसाच्या मुलांसाठीच असतो. आणि डेटॉलचं झाकण बादलीत ओतणारे अजून घरोघर आहेत. त्यानं जंतू मरतील तेव्हा मरतील, कातडी आधी भाजते.

चिमीचं बघा. मुधोळ म्हणजे बागलकोट जिल्हा, कोरडा मुलूख. घोरपड्यांच्या संस्थानात मालोजीराजांनी ही जात नावारूपाला आणली, 2005 साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. पण ते अंग माळावर ससा धरण्यासाठी घडलेलं. केस आखूड, चरबी नावाला, पोट जवळजवळ उघडंच. येळ्ळूरच्या शिवारात भाताच्या बांधावरून फिरून आली की ओलं गवत पोटाला घासलेलं असतं आणि तासाभरात लाल पुरळ. याला शॅम्पू लागत नाही. घरी आल्या आल्या पोट आणि पाय नुसत्या पाण्यानं धुवायचे, जुन्या पंच्यानं टिपायचे. टिपायचे, घासायचे नाहीत. रबरी हातमोज्यानं आठवड्यातून एकदा मेलेले केस काढतो. तारांचा ब्रश असल्या अंगाला लावायचाच नाही, बारीक ओरखडे उठतात आणि तिथंच पुढं पू धरतो.

पुरळ कुठं आलंय ते आधी बघा, अर्धं निदान तिथंच होतं. शेपटीच्या बुडाशी आणि ढुंगणावर खाज असेल तर पिसवा. पंजे, कान, काखा असेल तर ॲलर्जी किंवा यीस्ट, म्हणजे कातडीवरची एक बुरशी. कानाच्या कडा आणि कोपरं खरवडून निघाली असतील तर खरूज. ती माणसालाही लागते, तेव्हा हातमोजे घाला आणि डॉक्टर गाठा. आणि पाठ स्वच्छ, पण जिथं जिथं फरशी टेकते तिथंच लाल ठिपके असतील तर फरशी कशानं पुसता ते आठवा. टिळकवाडीतल्या घरी रोज सकाळी फिनेल, आणि लॅब दिवसभर त्याच गारव्यावर पोट टेकून. महिनाभर साध्या पाण्यानं पुसायला सांगितलं. पोटावरचे ठिपके गेले, पंजे मात्र तसेच.

पंज्यांचं दुखणं वेगळं होतं. बोटांच्या मध्ये केस विटकरी झालेले, कारण सारखं चाटणं. थुंकीनं फिकट केसांना तो रंग चढतो. वास आंबूस. डॉक्टरांनी बोटांमध्ये चिकटपट्टी दाबून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट दिसलं. औषधी शॅम्पू लिहून दिला, क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) आणि मायकोनॅझोलचा (बुरशीनाशक), आठवड्यातून दोनदा. आता खरी मेख. तो दहा मिनिटं अंगावर राहिला तरच काम करतो, आणि ओल्या लॅब्रॅडॉरला दहा मिनिटं उभं करणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

माझी पद्धत आता अशी बसली आहे. पाणी कोमट नाही, गारच्या जवळ. गरम पाण्यानं खाज वाढते. आधी नुसत्या पाण्यानं कातडीपर्यंत भिजवायचं, लॅबचे केस पाणी झटकतात म्हणून हाताने उलटे फिरवत. शॅम्पू सरळ अंगावर ओतायचा नाही, मगात पाण्यात कालवून घ्यायचा. सुरुवात दुखऱ्या जागेपासून, म्हणजे पंज्यांपासून, कारण घड्याळ तिथून सुरू होतं. डोळ्यांत आणि कानाच्या आत जाऊ द्यायचा नाही, पडदा फाटका असेल तर क्लोरहेक्सिडिन कानाला घातक. मग धुवायचं, आणि झालं असं वाटलं की पुन्हा एकदा धुवायचं. काख आणि जांघ इथं फेस दडून बसतो.

मग वाळवणं. लॅब वरून कोरडा दिसतो आणि आतला लोकरीसारखा थर तसाच ओला असतो. बोटानं केसांना भांग पाडून बघा, मुळाशी बोट गार लागलं तर अजून ओल आहे. बाहेर धो धो पाऊस, हवेत दमट वास, अशात आपोआप वाळेल ही आशा सोडा. ड्रायर गार वाऱ्यावर, आणि वाऱ्यात सतत आपला हात. माझ्या मनगटाला जे सोसत नाही ते त्याच्या कातडीलाही सोसत नाही. बोटांच्या मधली जागा सगळ्यात शेवटी, सुती कापडाचा कोपरा घालून. टॉवेल धुताना सुगंधी सॉफ्टनर नको.

नुसती कोरडी खाज असेल, यीस्ट-बिस्ट काही नसेल, तर ओट्सचं पाणी चालतं. साधे ओट्स मिक्सरला अगदी पिठासारखे करायचे. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळलं की पाणी दुधासारखं झालं पाहिजे. तळाला बसलं तर अजून फिरवा.

काकूंच्या पॉमवरून मोठी चर्चा झाली. त्यांना मशीननं सगळे केस उतरवून हवे होते.

“उकडूलालंय की रे तिला! काढ की सगळं.”

नाही काढले. दुहेरी केसांच्या कुत्र्याचा गोटा केला की केस पुन्हा नीट येतीलच याची खात्री नाही, आणि पांढऱ्या कुत्र्याच्या गुलाबी कातडीला ऊन थेट लागतं. आतली सुटलेली लोकर विंचरून काढली, निघाली तीच उशीभर. पोट, जांघ आणि पंज्यांच्या गाद्यांमधले केस तेवढे 10 नंबरच्या पात्यानं उतरवले. पातं दर दोन-तीन मिनिटांनी मनगटाला लावून बघायचं. तापलेल्या पात्यानं कातडी भाजते, डाग दुसऱ्या दिवशी उठतो आणि तोवर ग्रूमर घरी गेलेला असतो.

आता पिसवा. ओल्या पांढऱ्या कागदावर कुत्र्याला विंचरा. पडलेले काळे कण भोवती तांबूस फुटले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्याच. अंडी आणि अळ्या गादीत, गोणपाटात, शहाबादी फरशीच्या सांध्यांत असतात. कुत्र्याला औषध घालून गोणपाट तसंच ठेवलं तर काही उपयोग नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन या कीटकनाशकाचे थेंब आणूच नका, मांजर मरतं. गोचिडावर रॉकेल नको, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. आणि खरजेवर गॅरेजमधलं जळकं ऑइल फासणाऱ्यांना हात जोडून सांगतो, कुत्रं ते चाटतं, ते पोटात जातं.

लॅबचे पंजे आता पुष्कळ सुधारलेत, पण कान अधूनमधून लाल होतात. डॉक्टरांना खाण्याची शंका आहे. आठ आठवडे एकच ठरलेलं खाणं, वरून काहीही नाही. घरच्या आजी चहाबरोबर त्याला बिस्किट देतात आणि “अर्धंच दिलं की” म्हणतात. त्यांना पटवायचं काम घरच्यांनी माझ्यावर टाकलंय.