नाव बदलून भागले नाही

गडचिरोली जिल्ह्यातील सशस्त्र संघर्षात घरचे माणूस गमावलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेत मी सहा वर्षांपासून संवाद विभागाची जबाबदारी सांभाळत आहे. माहितीपत्रक, वार्षिक अहवाल आणि मदतीचे आवाहन ही आमची मुख्य कामे. युद्धाची झळ बसलेली मुले म्हटली की लोकांना गाझा, सुदान किंवा युक्रेन आठवते. एटापल्ली-भामरागडकडच्या मुलांविषयी नागपूर-पुण्यात बोलावे, तर पहिली मागणी फोटोची होते. ती पुरवताना माझ्या हातून मोठी चूक झाली.

पहिल्याच वर्षीच्या पत्रकात मी एका नऊ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. खबरी असल्याच्या संशयावरून त्याच्या वडिलांची हत्या झाली होती. नाव बदलले होते, फोटो पाठमोरा होता आणि आजीचा अंगठा असलेले संमतीपत्र फाइलमध्ये होते, म्हणून मी निर्धास्त होते. मात्र तालुका, घटनेचा महिना, आश्रमशाळेचा गणवेश आणि अंगणातले चिंचेचे झाड तसेच राहिले होते. ज्या भागात दहा-बारा घरांचे एक गाव असते, तिथे माणूस ओळखायला नाव लागत नाही. पत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवरून तालुक्यात पोहोचला, आठवडी बाजारात आजीला 'संस्थेने किती पैसे दिले' असे विचारले गेले आणि वसतिगृहात मुले त्याला 'खबऱ्याचा पोरगा' म्हणू लागली. तो महिनाभर शाळेत गेला नाही.

त्यानंतर मी बाल न्याय अधिनियम, 2015 प्रथमच नीट वाचला. सशस्त्र संघर्षाची झळ पोहोचलेले मूल या कायद्यानुसार 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते, आणि कलम 74 प्रमाणे अशा बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटू शकेल असा कोणताही तपशील वा चित्र प्रसिद्ध करता येत नाही. तसे केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बालकाच्या हितासाठी अपवाद करण्याचा अधिकार बालकल्याण समितीसारख्या यंत्रणेला आहे. पालकाच्या अंगठ्याने ती बंदी उठत नाही. ज्या कागदावर मी विसंबले होते, त्याने माझ्या फाइलचे रक्षण केले असेल, मुलाचे नाही.

आजीकडे क्षमा मागायला गेले तेव्हा मोहफुले वेचण्याचे दिवस होते. पहाटेपासून बाया जंगलात, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले. आजी माडिया बोलते. गावातील एका अंगणवाडीताईंनी दुभाषाचे काम केले. आजीचे बरेच लांब बोलणे ऐकून त्या मला म्हणाल्या, "ताई, ती विचारून राहिली, का कागद वाचून दाखवला तेव्हा तो कुठं-कुठं जाईल हे काहून नाही सांगितलं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. संमतीपत्र मराठीत होते, आणि 'प्रसिद्धी' या शब्दाचा अर्थ मी कोणालाच समजावला नव्हता.

आता आम्ही मुलांचे फोटो घेतच नाही. वसतिगृहाचा खर्च, एका मुलाच्या वर्षभराच्या वह्या-पुस्तकांचा हिशेब, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटून शिक्षक कसे अडकतात, यांवर आम्ही लिहितो. दोन जुने देणगीदार यामुळे थांबले. त्यांना मी सविस्तर पत्रे पाठवली, त्यांपैकी एक देणगीदार पुन्हा जोडले गेले. हकीकत लिहिलीच, तर अनेक मुलांच्या अनुभवांतून सामाईक असेल तेवढेच लिहितो आणि तसे स्पष्ट नमूद करतो.

सर्वाधिक वेळ जातो तो मसुदा वाचून दाखवण्यात. छपाईपूर्वी तो माडियात ऐकवला जातो आणि ऐकणाऱ्या बाया जे खटकते ते सांगतात. यंदाच्या मसुद्यात 'नदीपलीकडचे गाव' असे शब्द होते. मला ते निरुपद्रवी वाटले होते. त्याच आजीने हात वर करून वाचन थांबवले आणि नदीपलीकडे शाळेत जाणारी मुले फक्त दोन घरांत आहेत, असे सांगितले. मी ते शब्द तिथेच खोडले.