हेडी

आमचे आजोबा म्हशी पाळायचे, असं घरात सांगायची पद्धत आहे. खरं तर ते म्हशी बदलायचे. एक आणायची, महिनाभर कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तिच्या धारेचं कौतुक करायचं आणि पुढच्या बाजाराला ती देऊन दुसरी आणायची. गोठ्यात कायम दोनच म्हशी, पण आज कोणत्या दोन, हे आजीला सकाळी गोठ्यात गेल्यावर कळायचं.

माझ्याकडे कायम दोनच गिटार असतात.

परवा तिसरी आली, तेव्हा आई दारातच म्हणाली, "हेडी झालास बघ, आज्ज्यासारखा." हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. आमच्याकडे हा शब्द कौतुकानं कोणी वापरत नाही.

नवी गिटार मी आयुष्यात एकदाच घेतली. ती विकताना जे नुकसान झालं, त्यातून शहाणा झालो आणि तेव्हापासून फक्त जुन्याच घेतो. जुनी यामाहा एफ ३१० घेतली आणि जपून ठेवली, तर वर्षानं जवळपास तेवढ्यालाच जाते. म्हणजे वर्षभर फुकट वाजवली, असा माझा हिशेब. आईच्या हिशेबात पेट्रोल आणि नवीन तारांचे सेटही धरलेले असतात, म्हणून तो जुळत नाही.

म्हैस घेताना आजोबा दात बघायचे, कासेवरून हात फिरवायचे आणि दोन वेळची धार स्वतः काढल्याशिवाय रुमालाखाली हात घालायचे नाहीत. (रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. आता भाव चॅटवर ठरतो आणि समोरचा पहिलाच मेसेज टाकतो, 'लास्ट किती?') मी गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून मान वाकलीय का बघतो. मग बारावा पडदा (पडदे म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). तो तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथं तार नुसती शिवून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर एक यायला हवा. नाही आला, की माझा आवाज आपोआप पडतो आणि किंमतही.

पण खरी गंमत पडद्यांवरच्या झिजेत. मिरजेच्या एका सतार कारागिरानं ती मला दाखवली. ब्रिज सुटलेली एक गिटार मी पन्नास किलोमीटर त्याच्याकडे घेऊन गेलो होतो. त्यानं ब्रिजला घोडी म्हटलं, ट्यूनरला खुंटी म्हटलं आणि पडद्यांवर नख फिरवून विचारलं, "हे वाजवणारं पोरगं तिसऱ्या पडद्याच्या पुढं गेलंच नाही का ओ?" तेव्हापासून मी आधी तेच बघतो. पहिल्या तीन पडद्यांवर खड्डे आणि पुढं सगळं कोरं असेल, तर मालक जी, सी, डी हे सोपे कॉर्ड शिकला आणि एफला थांबला. एफला तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबावी लागते. कितीतरी गिटार त्या एका बोटापायी बाजारात येतात.

त्यातून आपला पाऊस. मे महिन्याच्या सुट्टीत हौसेनं घेतलेली गिटार जुलैपर्यंत दमट हवेनं फुगते. पुढची फळी वर येते, तारा पडद्यांपासून उंच होतात आणि आधीच न जमणारा एफ आणखी जड जातो. पोराला वाटतं, आपल्याला जमत नाही. म्हणून माझी खरेदी पावसाळ्यात. गिटारच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून आठवडाभर ठेवतो, मानेचा बाक ठरवणारा आतला रॉड पाव आटा फिरवतो आणि दिवाळीनंतर विकतो. ही लबाडी आहे का? आजोबा म्हशीला विकायच्या आदल्या दिवशी रंकाळ्यावर नेऊन घासायचे. तेवढंच.

माझ्या स्वतःच्या गिटारांवरची झीजही मी एकदा बघितली. पहिले तीन पडदे. असो.

तिसरी गिटार रविवारी गेली. शिवाजी पेठेतून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. त्यांनी सगळीकडून टिचक्या मारून बघितलं आणि हेड्याला विचारायचा तो प्रश्न विचारला, "चांगली हाय तर इकताय कशाला?"

"जागा नाही घरात."

आजोबा म्हणायचे, वैरण परवडत नाही.

मुलीनं गिटार मांडीवर घेतली आणि पहिलाच एफ धरला. सहाही तारा स्वच्छ वाजल्या. तिच्या वडिलांनी अजून काही मागितलंही नव्हतं, तोवर मी पाचशे रुपये कमी सांगून बसलो. वर जुने पिक दिले, कॅपो दिला, डब्याचे पैसे घेतले नाहीत. आतून आईचा खोकला ऐकू आला.

रात्री जेवताना आई कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "मोकळं मोकळं वाटतंय की."

मी मोबाईल ताटाआड धरला होता. उचगावात एक आहे. म्हणे फक्त तीन महिने वापरलेली.